मागे वळून न बघण्याचं शिक्षण

वाट बघणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण माझ्या साडूंसारखा मन लावून, पोटभर वाट बघणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि माझ्या मते होण्याची गरजही नाही. निरोप ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. जे सांगायचं ते ज्याचं त्याला समोर बसवून सांगायचं, त्याची मान डोललेली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच उठायचं, असा त्यांचा शिरस्ता. पाथर्डीच्या स्टँडसमोर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. साडू यायचे आणि मी नेमका कुणाच्या तरी विहिरीवर गेलेला असायचो. मग ते दुकानाबाहेरच्या स्टुलावर बसायचे. समोरचा चहावाला म्हणायचा, "पाव्हणं, निरोप असंल तर ठिवा माज्याकडं, मी सांगतो की." साडू हसून नको म्हणायचे आणि आणखी एक चहा सांगायचे. संध्याकाळी मी परत येऊन बघतो तर हे तसेच ताठ बसलेले. मला बघून उठायचे, "साडूभाऊ, रविवारी आमच्याकडे जेवायला या," एवढंच सांगायचे, माझ्या मानेकडे बघायचे आणि ती हलली की समोरची एसटी पकडून निघून जायचे. टेलिफोनवर त्यांचा विश्वास त्याहून कमी. एसटीडी बूथवरून फोन केलाच, तर आधी "ऐकू आलं का?" मी हो म्हणालो की "काय ऐकू आलं ते सांगा." मग मी सगळं पाठांतरासारखं म्हणून दाखवायचं, आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या गावचा बूथवाला मीटरकडे बघत त्यांना खुर्ची पुसून द्यायचा, असं ऐकून आहे.

आमची दोघांची सासुरवाडी एकच, अकोले तालुक्यातल्या डोंगरात. साडूंच्या मुलाला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा मी शहाणपणा करून सासूबाईंच्या गावातल्या पतपेढीत फोन केला आणि निरोप ठेवला. साडूंना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की जणू मी पोराचा प्रवेशच रद्द करून आलोय. ते तडक निघाले. दोन एसट्या आणि एक जीप बदलून, पावसात भिजत डोंगरात पोचले, तर घराला कुलूप. निरोप व्यवस्थित पोचला होता. सासूबाई आनंदाने तांदळाचं गाठोडं घेऊन नातवाचं कौतुक करायला साडूंच्याच घरी निघून गेल्या होत्या. बहुधा संगमनेरच्या स्टँडवर दोघांच्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या असतील. दुसरा कुणी परत फिरला असता. साडू ओट्यावर बसून राहिले, शेजाऱ्यांनी त्यांना जेवू घातलं, अंथरूण दिलं. इकडे सासूबाईंनी जावई कुठे गेलेत ते ऐकलं आणि गाठोडं तिथेच ठेवून उलट्या फिरल्या. "ते काय हलायचे न्हाईत तिथून," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई दारात आल्या. ज्या बातमीचे पेढे त्यांनी आदल्या दिवशीच अख्ख्या वस्तीत वाटले होते, ती बातमी साडूंनी त्यांना उभं करून सांगितली. माउलीने मान डोलावली. साडू परतीच्या जीपला लागले.

आता अशा माणसाला नोकरी कुठे मिळावी? साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. लागले होते हजेरी कारकून म्हणून, पण कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि साडू त्यांच्या प्रेमातच पडले. स्वतःच्या हौसेने शिकले आणि उसाच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला. तो प्रोग्रॅम थेट बापाच्या वळणावर गेला होता. उसाची गाडी काट्यावर आली, की काट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर तिचं वजन ऑफिसातल्या मोठ्या मशीनला कळवायचा आणि "मिळालं" असं उत्तर येईपर्यंत जागचा हलायचा नाही. उत्तर आल्याशिवाय पुढची गाडी घ्यायची नाही. ऑफिसातली वीज गेली, मधल्या वायरवर माकडं नाचली, मोठं मशीन नुसतं विचारात पडलं, तरी इकडे काटा थिजायचा. गाडी काट्यावर, तिच्या मागे बैलांच्या टायरगाड्या, त्यांच्या मागे ट्रॅक्टर, रांग पार सडकेपर्यंत. आणि त्या टायरगाड्या कुणाच्या? निम्म्या आमच्या पाथर्डीच्या. दिवाळीच्या सुमाराला माझ्या दुकानासमोरूनच ऊसतोडीच्या टोळ्या जातात. उन्हाळ्यात परत आल्या, की एकेक गाडीवान दुकानाशी थांबून माझा सत्कार करायचा. एक जण म्हणाला, "तुमच्या साडूंच्या काट्यावर आमची बैलं म्हातारी झाली वो. मी इचारलं, सायेब, मशीन झोपलंय व्हय? तर म्हनले, न्हाई, वाट बघतंय."

शेवटी अध्यक्षांनी साडूंना बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की येत्या हंगामात काटा अडला, तर हे सगळे डबे गोदामात जातील आणि तुम्ही पुन्हा हजेरीच्या खिडकीत. साडू त्या रविवारी जेवले नाहीत. मी त्यांचा वाटा सांभाळून घेतला, पण मलाही गोड लागला नाही. कारण कॉम्प्युटरपुढे बसलेले साडू मी बघितले होते. एरवी अवघडलेला तो माणूस तिथे मांडी घातल्यासारखा बसायचा.

यावर उपाय होता, आणि तो विकत घेऊन कपाटात ठेवलेला होता. पुण्याच्या ज्या कंपनीने मोठं मशीन बसवलं, तिनेच त्याबरोबर एक पॅकेज दिलं होतं. त्याचं नाव मेसेज ब्रोकर. ब्रोकर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मार्केट यार्डातला कांद्याचा दलाल आला, पण साडूंनी समजावलं, की हा फक्त निरोपांचा मध्यस्थ. त्याचा एक हात काट्याच्या खोलीत, दुसरा ऑफिसात. काट्याने वजन त्याच्या हाती द्यायचं आणि लगेच पुढच्या गाडीला लागायचं. ऑफिस जागं असेल तर तो तेव्हाच पोचवतो. झोपलेलं असेल तर निरोप आले त्या क्रमाने रांगेत लावून ठेवतो. आम्ही घरात त्याला निरोप्याच म्हणू लागलो. साडूंनी त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचून काढलं, प्रोग्रॅम नव्याने लिहिला आणि हंगामाआधी चाचणी घेतली. एक रिकामी गाडी काट्यावर आणली, मधली वायर मुद्दाम काढली. काटा जसाच्या तसा थिजला. झालं होतं असं, की साडूंनी निरोप निरोप्याच्या हाती दिला होता खरा, पण पुढे प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं, की निरोप ऑफिसला मिळाला का हे निरोप्याला विचारत राहायचं, आणि तो हो म्हणेपर्यंत पुढची गाडी घ्यायची नाही. म्हणजे स्टूल तेच, फक्त चहावाल्याच्या दारात नेऊन ठेवलेलं.

पुढच्या रविवारी कारखान्याच्या कॉलनीत, त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात, मी या विषयाची नाट्यमय तालीम घेतली. साडू म्हणजे काटा. अंगणात ओळीने मांडलेल्या बादल्या म्हणजे गाड्या. शेंगांच्या वाट्या म्हणजे वजनं. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांच्या सौभाग्यवती, माझ्या थोरल्या मेव्हणी, आमच्या ताई. त्या निरोप्या. आणि आतल्या कॉटवर झोपलेलं ऑफिसचं मशीन म्हणून मी, कारण या भूमिकेला दुसरा नट त्या घरात नव्हता. साडूंनी पहिली वाटी खिडकीत ठेवली आणि हात काही काढेनात.

"अहो, वाटी सोडा."

"तू घेतलीस ना पण?"

"घेतली. आता माझ्याकडे बघत राहू नका, मागे बैलं ताटकळलीत."

साडूंनी बादल्यांकडे अपराधी नजरेने बघितलं. "त्यांना कधी देशील?"

"कॉटवरचे दाजी उठले की."

"आणि नाही उठले तर?"

"दाजी जेवायला उठले नाहीत, असं आजवर झालंय का?"

साडू दोन पावलं गेले आणि मागे वळून बघू लागले. पुन्हा गेले, पुन्हा वळले. मी कॉटवर तोंड दाबून हसत होतो. मग ते खिडकीशी परत आले आणि अगदी हळू म्हणाले, "आणि तू विसरलीस तर?"

माझं हसू तिथेच थांबलं. कारण ताईंनी मला एकदा सांगितलं होतं. साडू नगरला होस्टेलवर असताना वडील आजारी पडले. आईने नगरला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाकडे निरोप दिला, आणि तो माणूस आपल्या कामाच्या गडबडीत विसरला. साडू घरी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्यांनी त्या माणसाला कधी बोल लावला नाही. फक्त त्यानंतर निरोप ठेवला नाही कुणाकडे.

ताईंनी ती वाटी उचलून आतल्या फळीवर ठेवली आणि खिडकीतून वाकून म्हणाल्या, "तुमच्या त्या पुस्तकातला निरोप्या विसरतो का?"

"नाही," साडू म्हणाले. "तो आधी लिहून ठेवतो. समोरचा मिळालं म्हणेपर्यंत पुसत नाही. वीज गेली तरी."

"मग मीही नाही विसरत. वाट बघायचं काम माझ्याकडे द्या. तुम्ही गाड्या बघा."

साडूंनी फळीवरची वाटी एकदा बघून घेतली. मग वळले आणि बादल्यांच्या ओळीने चालत गेले, एकेक वाटी भरून आणत, ठेवत, निघत. मान मात्र अशी ताठ, जणू कुणीतरी मागून ती धरून ठेवली होती. मी ठरल्या वेळेच्या आधीच जागा झालो. सगळ्या वाट्या क्रमाने माझ्यापर्यंत आल्या, आणि ऑफिसच्या मशीनने शेंगा खाऊन टाकल्या.

त्या हंगामात वायर तुटायची ती तुटलीच. बातमी मला पाथर्डीत आमच्या त्याच गाडीवानाकडून कळली. सकाळपासून ऑफिस बंद, तरी काटा चालू, गाड्या येतायत, वजन होतंय, निघतायत. दुपारी वायर जोडली, आणि सकाळपासूनची सगळी वजनं आली त्या ओळीने ऑफिसात जाऊन बसली. "आणि साडू काय करत होते?" मी विचारलं. "काय न्हाई," गाडीवान म्हणाला. "काट्याकडं पाठ करून हुबे हुते. लई घाम आल्ता त्यांना."

डबे गोदामात गेले नाहीत. उलट पुण्याच्या कंपनीचे लोक येऊन तो काटा बघून गेले, साडूंशी बोलत बसले, आणि मी मनातल्या मनात फुशारकी मारली, की या प्रयोगाचा दिग्दर्शक मी.

मग एक दिवस मी जामखेडकडे एका मळ्यात मोटार उतरवायला गेलो होतो. परतलो तर दुकानाबाहेरचं स्टूल रिकामं. चहावाला हात पुसत रस्ता ओलांडून आला आणि पाठ केल्यासारखा म्हणाला, "तुमचे साडू येऊन गेले. पुन्याच्या कंपनीनं त्यास्नी बोलावून घेतलंय, कायमचं. सोमवारी बिऱ्हाड हालतंय. तुमी दोघांनी रविवारी जेवायला यायचंय."

"बसले नाहीत?"

"न्हाई. मीच म्हनलं बसा, येतीलच. तर म्हनले, तू सांगशील ना, मग झालं. च्या बी घेतला न्हाई."

निरोप पोचला होता, नीट, शब्दन् शब्द, क्रमाने. काही चुकलं नव्हतं. इतक्या वर्षांत ज्या एका बातमीसाठी त्यांनी मला समोर बसवावं असं मला वाटलं असतं, तीच ते ठेवून निघून गेले होते, आणि हे त्यांना शिकवण्यासाठी मी भरल्या पोटी कॉटवर लोळलो होतो.

चहावाला परत जायला वळला आणि थांबला. "आन् येक," तो म्हणाला. "हे काय सांगा म्हनले न्हाईत ते. गाडी स्टँडाभायेर वळंपतूर खिडकीतून मान काढून तुमच्या दुकानाकडंच बघत हुते."

मी कुलूप तसंच ठेवलं आणि त्या स्टुलावर बसलो. चहावाल्याने न विचारता एक ग्लास आणून दिला.