सहस्रनामाला टिकलेली खुर्ची

नंदेसरीच्या एका कारखान्याचे पगार काढायचं काम पद्माताई रावपुऱ्यातल्या घरी बसून, दिवसभर कॉम्प्युटरवर करत. कंबर धरली, तसं अविनाश म्हणाला, "आई, पुरे आता. सोड ते काम." काम सोडून दिवसभर सुनेच्या आमटीत मीठ बघत बसायची पद्माताईंची तयारी नव्हती. नवऱ्याला, माधवरावांना, घेऊन त्या खुर्च्यांच्या दुकानात गेल्या.

"बेन, आमां कमरनो सपोर्ट छे," दुकानदाराने गुजरातीत सुरुवात केली.

"तमे रहेवा दो, भाई. हूं बेसीने जोऊं छूं," म्हणत पद्माताई बसून बघायला लागल्या.

पद्माताईंच्या घरी वेळ स्तोत्रांवर चाले. अथर्वशीर्षात चहा उकळे, रामरक्षेत रवा भाजून होई. खुर्चीला त्यांनी विष्णुसहस्रनाम लावलं. ते संपायच्या आत पाठ बोलली, की खुर्ची नापास.

पहिली सुरुवातीलाच नापास झाली. दुसरीला चाकं होती आणि दुकानाच्या फरशीला उतार. डोळे मिटून म्हणता म्हणता पद्माताई दारापाशी पोचल्या.

"अगं, वैकुंठाला निघालीस का?" माधवरावांनी खुर्ची धरली.

तिसरी मऊ, डोक्याला उशी असलेली. पद्माताईंचा आवाज हळूहळू बारीक होत थांबला. दुकानदाराने हात जोडले. एका गिऱ्हाइकाने चपला काढल्या. माधवरावांना मात्र ही समाधी ओळखीची होती. मग घोरणं सुरू झालं.

पद्माताई दचकून जाग्या झाल्या. "कुठवर आले होते मी?"

"घोरण्यापर्यंत."

"बेन, ऊंघ आवी गई! आनाथी सारी खुर्शी नहि मळे," दुकानदार खूश होऊन म्हणाला. झोप लागली म्हणजे याहून चांगली खुर्ची मिळणार नाही, असा त्याचा हिशेब.

"भाई, ऊंघवानो पगार कोण आपशे मने?"

चौथी जाळीच्या पाठीची, दिसायला अगदीच सुमार. पण पाय जमिनीला नीट टेकले, कोपर टेबलाच्या उंचीला आलं. सहस्रनाम झालं, फलश्रुती झाली, तरी पाठीची आठवण झाली नाही. मग पद्माताईंनी ती उलटी करून तिचा प्रत्येक पाय ओढून पाहिला. एकही हलला नाही.

"रंग तरी दुसरा घे," माधवराव कुठूनसे म्हणाले.

"पाठीला रंग दिसत नाही."

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "अविनाश, मी काम सोडत नाहीये. खुर्ची मिळाली. टेम्पो घेऊन ये, आणि तू स्वतः ये. बाबा त्या उशीवाल्या खुर्चीत बसलेत, आता हाकेला ओ देत नाहीत."