झूराकानच्या दारातून उपाशी गेलेली पाहुणी

झूराकान एजेबरोबर मी अकरा वर्षं रक्त तपासतेय, पण त्या दोन दिवसांत पाहिलं तसं कधी पाहिलं नाही. नारिन नदीच्या वरच्या अंगाला आमचा छोटा दवाखाना. ती सगळ्यांचीच एजे, थोरली बहीण. यंत्र आल्यावरसुद्धा बाई प्रत्येक नळी आधी खिडकीपाशी धरून बघणार.

डॉक्टर हसायचे, "एजे, यंत्र आहे ना? डोळे कशाला फोडता?"

"नवीन आहे ते. शिकू दे त्याला," म्हणायची, आणि बघत राहायची.

पहिल्या दिवशी दुपारी बुरुल आली. चार लेकरांची आई, वय तिशीच्या आत. तांबी बसवली तेव्हा हिचं रक्त जाणं थांबेना. कुरणावर दोनदा चक्कर येऊन पडली. गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात पोरगी माणसात आली. त्या गोळ्यांनी रक्तातली चरबी थोडी वाढते, म्हणून ही तपासणी. नळी फिरवली की रक्ताच्या वर पिवळं पाणी सुटतं. हिचं दुधासारखं पांढरं! चरबीचा आकडा मर्यादेच्या तिप्पट.

"गोळ्या आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले.

बुरुलने डॉक्टरांची बाही धरली. "परत तसंच होणार का हो मला?"

झूराकान तिच्यावरच खवळली. "काय खाऊन आलीस?"

"काही नाही, एजे, शप्पथ! उपाशीच आलेय."

"आणि निघताना नान?"

"तो चाखलाच की. सासूबाईंकडे, मग वाटेत काकूकडे, नणंदेकडे. सायीत बुडवून नुसता चाखला. नाही कसं म्हणायचं?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे नान चाखल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही, आणि चाखलेलं कुणी खाण्यात धरत नाही.

नुसत्या चाखण्याने एवढं होतं, हे डॉक्टरांना पटेना. झूराकानने नळी फ्रीजमध्ये उभी ठेवली, आणि बुरुलला आपल्या घरी मुक्कामाला नेलं.

सकाळी नळी काढली. अहो, काय सांगू! वर सायीचा जाड थर आणि खाली लख्ख पिवळं पाणी!

"वर आलंय ते खाण्यातलं," झूराकान म्हणाली. "गोळीचं असतं तर साय धरली नसती, सगळी नळी तशीच गढूळ राहिली असती."

बोटभर नळीत तीन घरांचा पाहुणचार तरंगत होता.

बुरुलचं पुन्हा रक्त घेतलं. स्वच्छ. चरबी गोळ्यांच्या आधी होती त्यापेक्षा जरा जास्त, पण मर्यादेत. डॉक्टरांनी पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या.

मग झूराकानने पिशवीतून नान काढला.

"काल संध्याकाळपासून पेटीत कुलूपबंद केला होता गं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारातून पाहुणी उपाशी बाहेर पडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खा आता."

बुरुलने तुकडा मोडला आणि आधी झूराकानच्याच तोंडाशी नेला. "तुम्ही खा, एजे. तुम्हीही कालपासून पोटात काही घातलं नाहीये."