शीड गुंडाळून गेलेला माणूस

हिंगणीजवळच्या धरणात सापडलेली ती रिकामी नाव मी अजून विसरलेलो नाही. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पाण्यातली प्रकरणं म्हणजे आम्हा पोलिसांना विहिरीतली माहीत. पण गावातल्या एका निवृत्त नौसैनिकाने रीतसर परवानगी काढून धरणावर शिडाची छोटी नाव ठेवली होती. लोक हसायचे. मलाही त्याने एकदा आग्रहाने फिरवून आणलं होतं.

एका सकाळी एका मासेमाराचा ठाण्यात फोन आला. नाव काठाजवळ उभी आहे, आत फक्त चपला आहेत. माणूस आदल्या दुपारपासून घरी नव्हता. ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली. आम्ही पोहोचेपर्यंत गावाने निकालही लावून टाकला होता, की धाकट्या भावाने बुडवला. दोघांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण जगजाहीर होतं. त्यात खबऱ्याने सांगितलं, भावाची मोटारसायकल त्या दुपारी धरणाच्या काठाला दिसली होती.

भावाला ठाण्यात आणलं. खाली मान घालून त्याचं एकच पालुपद, "मी काऊन मारीन त्याले, साहेब? पण मले काही इचारू नका." हवालदाराचे हात शिवशिवत होते. मी त्याला चहा सांगायला पाठवलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा फार बोलतो. हा तर बोलायलाच तयार नव्हता.

पंचनाम्यासाठी मी नावेपर्यंत गेलो तो चालत. पाणी कमरेलाही लागत नव्हतं. शीड गुंडाळून बांधलेलं, सुकाणू उचलून आत ठेवलेलं, नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट सोडलेला. फिरवताना त्यानेच सांगितलं होतं, की उथळ पाण्यातही दोर भरपूर सोडायचा, नाहीतर वारा सुटला की नांगर उखडतो आणि नाव भरकटते. बुडणाऱ्याला एवढी निगुती सुचत नाही. जीव द्यायला निघालेल्याला नाव जागेवर राहण्याची काय पडली आहे? चपला काढल्या त्या गाळातून चालायला. हा माणूस परत येणार होता.

ठाण्यात येऊन मी भावाला म्हणालो, "तो जिवंत आहे, हे मला कळलंय. पण बाहेर बायका तुझ्या वहिनीचं कुंकू पुसायच्या गोष्टी करताहेत. अजून गप्प बसणार?"

तो ढसाढसा रडला. "भाऊनं आईची शपथ घातलती, साहेब. गळ्यात गाठ आली त्याच्या. वहिनीचं काळीज कमजोर, तिले समजू द्याचं नव्हतं. नावेनं निंघालो तं कोणी पुसत नाई म्हणे. त्याचे बूट घेऊन मी काठावर उभा होतो. सावंगीले दवाखान्यात सोडलं. सांजेले येणार होता. मले वाटलं, आता येते, मंग येते."

"आणि भांडण?"

"धुऱ्याचं भांडण धुऱ्यावर, साहेब."

दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी त्याला तपासणीसाठी ठेवून घेतलं होतं, त्याचा मोबाइल बंद पडला होता. त्याच्या बायकोला मीच जीपमधून नेलं. वाटभर मला धास्ती तिच्या काळजाची. ती खाटेजवळ उभी राहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगून आले असते तं डबा तरी बांधून देल्ला असता."

गाठ पुढे साधी निघाली. गुन्हा नव्हताच, कागद बंद झाले. पण त्यानंतर माणूस हरवल्याची तक्रार आली की मी त्याच्या वैऱ्यांच्या आधी त्याच्यावर माया करणाऱ्यांना विचारू लागलो.