आधी बॅग खाली

रस्त्याच्या कडेला आल्या की सिस्टर आधी बॅग खाली ठेवायच्या. डांबर संपून गवत सुरू होतं तिथे, येणाऱ्या गाडीला नीट दिसेल अशी. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून वळणाकडे बघत उभ्या राहायच्या. साडी, तिच्याखाली पांढरे बूट, डोक्याला लेकीची बेसबॉलची टोपी. चेहरा असा, की गाडीची वेळ होऊन गेलीय आणि उशीर का झाला ते ड्रायव्हरला विचारायचंय.

"सिस्टर, इथे अंगठा दाखवतात," मी पहिल्या दिवशी घाबरत म्हटलं.

"ठेंगा दाखवून कुणी मदत करतं का रे? बॅग ठेवलीय ना. गाडी येतेच."

"आणि नाही आली तर?"

"ह्या रस्त्याला दोनच टोकं. जाईल कुठे?"

आता तुम्ही म्हणाल, असं कोण थांबतं? मीही तेच म्हणत होतो. तेवढ्यात एक लाल पिकअप थांबली. पुढच्या सीटवर भलामोठा कुत्रा बसलेला. सिस्टरांनी दार उघडलं, कुत्र्याला म्हणाल्या, "सरक रे," आणि तो सरकला. मराठीत सांगितलं होतं, तरी सरकला.

मी तेव्हा व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठाच्या गावात, एका इंडियन हॉटेलात आचारी होतो. २००४ साल. मूळचा संगमनेरचा. दहावीचा फॉर्म भरला होता, पण इंग्रजीच्या पेपराला गेलोच नाही. परीक्षेचे तीन तास एसटी स्टँडच्या बाकावर बसून काढले आणि तिथूनच नाशिकची गाडी पकडली. मामाची खानावळ, मग मुंबईचं हॉटेल, मग तंदूर येतो म्हणून थेट अमेरिका. इथे मला सगळ्याची भीती वाटायची. पोलिसांची, पोस्टमनची, फोनवर इंग्रजी बोलणाऱ्या मशीनची. भटारखान्याचं मागचं दार आणि त्याच्या वरची माझी खोली, एवढीच माझी अमेरिका.

एका दुपारी कुणीतरी माझी डाळ खाऊन सरळ आत आलं. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, काटक बाई. मागून त्यांची मुलगी, "आई, यू कान्ट गो इन देअर!" म्हणत धावत आलेली.

"फोडणीत लसूण ठेचून घालणारा तू कोण? कुठला?"

"संगमनेरचा, काकू."

"अरे, मी अकोल्याची! आपला अकोले तालुका रे. सव्वीस वर्षं उपकेंद्रावर नर्स होते. आणि काकू म्हणू नकोस, काकू मी हिच्या मैत्रिणींची. सिस्टर म्हण."

त्यांनी माझं नाव विचारलं नाही. शेवटपर्यंत मला त्या 'ए संगमनेर' म्हणून हाक मारत राहिल्या.

मुलगी, म्हणजे आमची ताई, तिथे बटाट्यावरच्या रोगावर पीएचडी करत होती. सिस्टर रिटायर होऊन सहा महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या. लेक सकाळी आठला लॅबमध्ये जायची ती रात्रीच यायची. सिस्टरांनी आठवडाभर खिडकीतून पार्किंग बघितलं. आठव्या दिवशी मला म्हणाल्या, "तो समोर डोंगर दिसतोय, त्यावर काय आहे?"

डोंगरावर पार्क होता. माथ्यामाथ्याने शंभर मैलांचा एक गाडीरस्ता, आणि त्याला कधी इकडून, कधी तिकडून ओलांडत जाणारी पायवाट. पायवाटेवरच्या झाडांना पांढरे पट्टे मारलेले, तेवढे बघत चालायचं. लोक ती वाट तुकड्यातुकड्याने चालतात. सिस्टरांनी ठरवलं, आपणही चालायची, सगळी. माझी सुट्टी मंगळवारी. सकाळी हॉटेलात भाजी टाकून जाणारा ट्रकवाला आम्हाला पार्कच्या गेटाशी सोडायचा. तिथून कुणाच्या तरी गाडीने, गेल्या मंगळवारी जिथे थांबलो तिथपर्यंत. मग चालायचं. दमलो की पुन्हा रस्त्यावर येऊन बॅग खाली, आणि ताईच्या आधी घरी.

ताईला काय सांगितलं होतं? "संगमनेरकडे गाडी आहे गं. तो नेतो." माझ्याकडे गाडी सोडा, सायकलही नव्हती. लायसन्सची परीक्षा लेखी होती आणि इंग्रजीत, म्हणजे प्रश्नच मिटला होता.

"सिस्टर, ताईला कळलं तर?"

"कळलं तर रागवेल. अजून काय करेल, नापास करेल?"

हे गाडी थांबवायचं त्या कुठे शिकल्या, ते एकदा चालताना सांगितलं. उपकेंद्राकडे बारा गावं, सगळी डोंगरात. हातात लसीचा डबा, त्यात बर्फ. बर्फ वितळायच्या आत पोहोचायचं. एसटी दिवसातून एक. मग दुधाचा टेंपो, वाळूचा ट्रक, लग्नाची जीप, जे येईल ते. "डबा आधी खाली ठेवायचा. तो दिसला की माणूस थांबतो. आणि आत बसलं की पहिलं वाक्य आपलं. तो विचारायच्या आत आपण बोलायचं. मग तो आपला पाहुणा."

"त्याच्याच गाडीत?"

"मग काय!"

त्यांचं इंग्रजी जेमतेम माझ्याइतकंच, पण त्याने त्यांचं काही अडायचं नाही. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. ड्रायव्हरकडे नीट बघून म्हणायच्या, "यू आर लुकिंग टायर्ड." आणि काय सांगू तुम्हाला, माणूस उघडायचाच. एकाची बायको सोडून गेली होती. एकीला तीन रात्री झोप नव्हती. सिस्टर नखं बघायच्या, डोळ्याची पापणी खाली ओढायच्या, लाल माठ खायला सांगायच्या. तो इथे मिळतो का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. उतरताना शेंगदाण्याची चिक्की द्यायच्या. ती मी करायचो.

एकदा पार्कचा रेंजर आला. हिरवी पँट, टोपी, कमरेला काय काय. आता व्हिसा, आता जेल, आता आईला कोण कळवणार, इथपर्यंत मी जाऊन आलो. तो म्हणाला, रस्त्यावर उभं राहून गाड्या थांबवायला परवानगी नाही.

सिस्टर म्हणाल्या, "नो स्टॉपिंग. ओन्ली स्टँडिंग."

त्याने हात मागे बांधलेल्या त्या बाईंकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. म्हणाला, उभं राहायला बंदी नाही, पण पार्किंगच्या जागेत राहा, तिथे लोकांशी बोला. जाताना त्याच्याही हातात चिक्की होती. त्या दिवसापासून आम्ही पार्किंगमध्ये उभे राहायला लागलो.

ऑगस्टमध्ये अशाच एका पार्किंगमधून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आम्हाला घेऊन निघाले. सिस्टरांनी वाक्य टाकलं. ते हसले. आज एक मोठी मीटिंग आहे, ती चुकवून डोंगरात आलोय, असं काहीतरी म्हणाले. सिस्टरांची नजर त्यांच्या पायांवर होती. उतरल्यावर सिस्टरांनी वाकून त्या गृहस्थांच्या सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला. "डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "टुमारो. नॉट नेक्स्ट वीक. टुमारो."

मग अभिमानाने पुढचं: "माय डॉटर ऑल्सो डॉक्टर. पोटॅटो डॉक्टर."

गृहस्थांनी चमकून बघितलं. मुलीचं नाव विचारलं. सिस्टरांनी सांगितलं. ते ताईचे गाइड होते.

मी तिथेच दगडी कठड्यावर बसलो. सिस्टरांना मात्र क्षणभरही लागला नाही. बोट ओठांवर ठेवून म्हणाल्या, "यू नो टेल हर, आय नो टेल मीटिंग."

त्यांनी गंभीरपणे हात पुढे केला. सौदा झाला.

त्यांनी शब्द पाळलाही असता, पण ते खरंच डॉक्टरकडे गेले. दहाएक दिवसांनी ताई दुपारी सिस्टरांना घेऊन भटारखान्यात आली, हातात ॲपल पायचा खोका. वर चिठ्ठी. ताईने ती मोठ्याने वाचून मराठीत सांगितली: तुझ्या आईमुळे माझं हृदय वेळेवर तपासलं गेलं. रस्त्यात भेटलेल्या ड्रायव्हरचे आभार तिला सांग.

"तुझ्याकडे गाडी आहे ना?" ताईने मला विचारलं.

माझ्या हातात कणीक होती. मी म्हटलं, "नाही, ताई."

"लायसन्स?"

"नाही."

"ओह गॉड! किती महिने? तुम्ही दोघं अनोळखी लोकांच्या गाड्यांत... आई, धिस इज क्रेझी यार! काही झालं असतं तर?"

सिस्टर खुर्चीवर बसून त्या ॲपल पायचा तुकडा खात होत्या. "गोड कमी आहे. बरा आहे."

"आई! बस. आता एकही लिफ्ट नाही. प्रॉमिस कर."

सिस्टरांनी हातातला तुकडा खाली ठेवला. शंभरातले अकरा मैल राहिले होते. परतीचं विमान महिन्यावर. मला खरंच वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

मग सिस्टर म्हणाल्या, "प्रॉमिस. एकही लिफ्ट नाही." आणि माझ्याकडे वळल्या. "ए संगमनेर, मग आता तूच नेशील. लायसन्स काढ."

पुढचे तीन आठवडे भटारखान्यात माझी शाळा भरली. ताईने नियमांचं पुस्तक आणलं. ती वाचायची, अर्थ सांगायची, आणि सिस्टर चिरलेल्या कांद्याच्या ढिगापलीकडून प्रश्न विचारायच्या. चूक झाली की उलथनं आपटायच्या. मला सगळं येत होतं. तेच तर भयंकर होतं. दहावीलाही मला सगळं येत होतं.

परीक्षेच्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसवलं. काचेपलीकडे बाकावर ताई आणि सिस्टर. पहिले दोन प्रश्न गेले. तिसऱ्याला अक्षरं सरकायला लागली आणि मी उठलो. बाहेर दार दिसत होतं. बाहेर कुठेतरी एक स्टँड असणारच, एक बाक असणारच.

काचेपलीकडे सिस्टरही उठल्या. मला वाटलं, आत येतात की काय. पण त्यांनी खांद्याची निळी बॅग उतरवली, सरकारी फरशीवर मला नीट दिसेल अशी ठेवली, हात पाठीमागे बांधले आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. हाक नाही, खूण नाही. गाडीची वेळ झालीय आणि ती येतेच, असा तोच चेहरा.

मी खाली बसलो.

पास झालो म्हणजे लर्निंग मिळालं. शेजारी लायसन्सवालं माणूस हवं. म्हणून शेवटच्या रविवारी ताईची गाडी, शेजारी जीव मुठीत धरून ताई, मागे सिस्टर, आणि स्टिअरिंगला चिकटलेला मी. पार्कात पस्तीसची मर्यादा. मी वीसने चाललो होतो. मागे दहा-बारा गाड्यांची रांग लागली.

"एवढी वरात माझ्या लग्नालाही नव्हती," मागून आवाज आला. ताईला इतकं हसू आलं, की मला गाडी कडेला घ्यावी लागली.

गाडी लावून तिघं पांढरे पट्टे बघत निघालो. सात मैल झाल्यावर वाट एका पार्किंगपाशी रस्त्याला मिळाली. तिथे सिस्टर थांबल्या.

"बास."

"आई, फक्त चार मैल राहिलेत! मी पाणी आणते, चल ना."

"राहू देत. पुढच्या वर्षी यायला काहीतरी काम नको का? सगळं झालं तर तू म्हणशील, आता इथे काय राहिलंय तुझं."

ताई जवळ आली. आईच्या डोक्यावरची टोपी उगाच नीट करत राहिली.

मग सात मैल मागे जाऊन गाडी कोण आणणार, असा प्रश्न आला. प्रॉमिस होतंच, पण ते सिस्टरांनी केलेलं. ताईने इकडे तिकडे बघितलं, खांद्याची सॅक काढली आणि हळूच खाली ठेवली.

पुढच्या वर्षी सिस्टरांचे गुडघे धरले. त्याच्या पुढच्या वर्षी तिकीट काढलं होतं. दिवाळीच्या आधी अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाच्या बॉथेल गावाहून ताईचा फोन आला. ती तोवर तिकडे नोकरीला लागली होती. एवढंच म्हणाली, "संगमनेर." तिने मला कधी त्या नावाने हाक मारली नव्हती. मला कळलं.

आता माझ्याकडे पक्कं लायसन्स आहे आणि एक जुनी, आवाज करणारी गाडी. ते चार मैल मी गाडीने कितीदा गेलो असेन. चालत नाही गेलो. वर्षातून एका मंगळवारी तिथल्या पार्किंगमध्ये गाडी लावतो, कुलूप घालतो, रस्त्याच्या बाजूला येऊन बॅग खाली ठेवतो आणि हात पाठीमागे बांधतो. कुणीतरी थांबतं. पुढच्या वळणापर्यंत जातो, चिक्की देतो, उतरतो, आणि माझ्याच गाडीपर्यंत परत यायला दुसरी गाडी मिळवतो. हसा तुम्ही. मलाही हसू येतं.

पण दार उघडून आत बसल्यावर, त्या माणसाने काही विचारायच्या आत, मी त्याच्याकडे नीट बघतो.

"यू आर लुकिंग टायर्ड," मी म्हणतो.

अजून तरी एकानेही 'नाही' म्हटलेलं नाही.