पहिला गट आणि बाराचं जेवण

वेर्लाला सायकलसाठी सगळे काही ना काही देत असत. नवऱ्याने, म्हणजे योस्तने, वाढदिवसाला घड्याळ दिलं. ते नाडी मोजायचं, झोप मोजायचं, आणि रोज पहाटे साडेपाचला, इन्सुलिनची पेटी घेऊन म्हाताऱ्या पेशंटांच्या घरोघर जायला ती निघाली की सांगायचं, ‘आज आपण विश्रांती घ्यावी.’ दिराने महागडा चष्मा दिला. सासूबाई सिमोन यांनी लोकरीचे हातमोजे विणून दिले, ते घातले की ब्रेक धरता येत नसे. तिने मागितलेली गोष्ट मात्र कुणी दिली नाही. तिला आठवड्यात तीन तास हवे होते, सलग, कुणी हाक न मारता.

ते तीन तास रविवारी सकाळी मिळत, पण एका अटीवर. गावच्या सायकल क्लबात दोन गट. पहिला साडेसातला चर्चसमोरून निघतो आणि असा सुसाट जातो की साडेदहाला सगळे परत कॅफेत. दुसरा नऊला निघतो, वाटेत केक खायला थांबतो आणि घरी पोचायला एक वाजवतो. आणि रविवारी बाराच्या ठोक्याला सासूबाईंकडे जेवण. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक रविवार चुकला नव्हता. ‘आई बाराच्या पुढे थांबत नाही,’ असं योस्तने लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे पहिल्या गटात टिकली तर सायकल, नाहीतर ती गॅरेजात धूळ खाणार. बरं, टिकायचं तर सराव हवा, आणि सरावाला वेळ हवा. इथेच तर घोडं पेंड खात होतं, पण योस्तच्या डोक्यात ते शिरायचं नाही.

“घरात सायकल चालवायचा स्टँड आणून दिलाय ना मी? कपडे धुवायच्या खोलीत लाव आणि मार पॅडल,” तो म्हणे.

तिने लावला. दहा मिनिटं होतात न होतात तोच सात वर्षांची लोरे दारात.

“आई, माझे जिमचे बूट कुठायत?”

“बाबाला विचार.”

“बाबा म्हणाला, आईला विचार.”

मग तिने दुसरी युक्ती केली. चार वर्षांच्या धाकट्या टिबेला पुढे सामानाची पेटी असलेल्या सायकलीत बसवायचं, भोवती दूध, बटाटे रचायचे आणि शाळेचा चढ जीव खाऊन चढायचा. टिबे पेटीतून ओरडायचा, “आई, त्या आजोबांनी आपल्याला मागे टाकलं!” आजोबांची सायकल विजेवर चालणारी होती, पण चार वर्षांच्या पोराला ते सांगायला दम कुठून आणायचा?

मार्चचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी क्लबात निवड होते. एत्येन हा सत्तरीचा निवृत्त पोस्टमन पहिल्या गटाच्या अगदी मागून सायकल चालवतो. शेवटच्या दगडी चढावर जो त्याच्यानंतर माथ्यावर पोचेल, तो वर्षभर दुसऱ्या गटात. एत्येनने स्वतःच्या जावयालाही खाली धाडलं होतं, तिथे वशिला चालत नाही.

शनिवारी वेर्लाने टायर अंगठ्याने दाबून दाबून हवा बेताची ठेवली. दगडी रस्त्यावर टायर मऊच हवा, हे सायकलवेड्या फ्लँडर्सच्या पोराला चालायच्या आधी कळतं. योस्तचं घराणं पडलं फुटबॉलचं. बायकोला खूश करावं म्हणून रविवारी तो तिच्याआधी उठला, सायकल धुतली, साखळीला तेल दिलं आणि टायर दगडासारखे टणक होईपर्यंत पंप मारला. बोलला काहीच नाही. त्याला म्हणे अचानक आनंद द्यायचा होता.

तो आनंद तिला पहिल्याच दगडांवर मिळाला. सायकल बकरीसारखी उड्या मारायला लागली, दात वाजायला लागले, पाण्याची बाटली उडून चिखलात गेली. उतरून हवा सोडावी लागली, तोवर गट वळणाआड गेला. सोबतीला उरला एत्येन.

“हवा कुणी भरली ही?”

“नवऱ्याने.”

“फारच प्रेम दिसतंय.”

“एत्येन, बोलायला लावू नका. दम पुरत नाहीये.”

शेवटच्या चढावर म्हाताऱ्याने वेग इतका कमी केला की तोच पडतो की काय असं वाटलं. तरी अर्ध्यात तिचे पाय संपले. पाय टेकला. एत्येन तिच्याकडे न बघता पुढे गेला. वेर्लाला राग आला तो आधी योस्तचा आणि मग स्वतःचा, कारण खरं तिला ठाऊक होतं. हवेने अर्धंच काम केलं होतं, उरलेलं त्या कपड्यांच्या खोलीतल्या दहा-दहा मिनिटांनी. कॅफेतल्या फळ्यावर एत्येनने तिचं नाव खालच्या रांगेत लिहिलं. एरवी टोमणे मारणारी मंडळी तिच्यासाठी कॉफी मागवायला लागली, आणि तेच तिला जास्त लागलं.

घरी योस्त दारातच उभा.

“पळाली की नाही? हवा भरून ठेवली होती!”

“पुन्हा माझ्या सायकलला हात लावलास तर तो पंप तुझ्या डोक्यात घालीन.”

“अगं, मी मदतच—”

“मदत नकोय मला. वेळ हवाय, वेळ!”

“खरं तर तुला हलकी चाकं घ्यायला हवीत. मी वाचलंय...”

तिने न्हाणीघराचं दार आपटलं.

बाराला सगळे सासूबाईंच्या टेबलाशी बसले. सूप वाढून झालं. वेर्लाने चमचा उचललाच नाही.

“आई, पुढच्या रविवारपासून मी बाराला येणार नाही. दीडला येईन. माझं ताट ठेवलंत तर ठेवा, नाहीतर मी घरी पाव खाईन.”

योस्तने तोंड सुपात खुपसलं. सासूबाईंनी वाढायचा डाव खाली ठेवला. आता भडका उडणार, अशा तयारीने वेर्ला ताठ बसली.

“दीडला?”

“हो.”

“म्हणजे मला प्रार्थनेनंतर पत्ते खेळायला थांबता येईल?” सासूबाई म्हणाल्या. “नऊ वर्षं मी सहाला उठून कोंबडी भाजतेय आणि प्रार्थना संपली की धावत घरी येतेय! योस्तने सांगितलेलं, वेर्ला सायकलवरून भुकेली येते, बाराच्या पुढे ठेवू नकोस.”

“मी? मला तर म्हणाला, तुम्ही थांबत नाही!”

दोघी योस्तकडे वळल्या. ज्या नऊ वर्षांत ती छाती फुटेस्तोवर पॅडल मारत होती, त्या नऊ वर्षांकडे बघावं तसं वेर्ला नवऱ्याकडे बघत राहिली. हसावं असं तिला जराही वाटलं नाही.

“नाही म्हणजे...” योस्तने तोंडातलं सूप गिळलं. “मला बाराला भूक लागते.”

सासूबाईंनी सुपाच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

“मग पुढच्या रविवारी बाराला तूच शिजव. आम्ही दोघी दीडला येतो.”