एकाच दमाच्या पाच बायका

नवीन पनवेलला आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ हा शब्द माझा. बायको तिला अजूनही कपाटाची खोली म्हणते. गायकाला मी उघड्या कपाटासमोर उभं करतो, कारण तिच्या साड्यांइतकं आवाज पिणारं दुसरं काही आमच्या घरात नाही. कॉम्प्युटरमध्ये मात्र चार प्रकारचे कोरस इफेक्ट आहेत.

हा इफेक्ट एका आवाजाच्या नकला काढतो, त्या किंचित उशिरा वाजवतो, सुरात जराशा डुलवतो आणि मूळ आवाजात मिसळतो. एकटा माणूस घोळक्यात गातोय असं वाटतं. निदान माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं.

मागच्या लग्नसराईत जासईहून एक धवलारीण सुनेला घेऊन आली. आगरी लग्नात विधींच्या वेळी धवले गाणारी ही बाई. ती ओळ सुरू करते आणि मागच्या बाया उचलतात. तिला दम्याने गाठलं होतं. मागे गाणारी जाऊ वारली होती आणि बाकीच्या ‘आमाला येत नाय’ म्हणून अंग काढून घेत होत्या. नातीची हळद दहा दिवसांवर आलेली. तिथे नुसता डीजे वाजेल, धवला होणारच नाही, हा तिचा घोर.

“निदान माजा आवाज तरी मांडवान राहू दे, बाला,” ती म्हणाली.

कपाटासमोर बसून ती गायली. दर दोन ओळींनंतर थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा सुरू.

मी लगेच ज्ञान पाजळलं. “आजी, काळजी सोडा. तुमच्या एकीच्या पाच करतो.”

मग दोन दिवस मी इफेक्ट निवडत बसलो. पहिल्याने पाच बायका विहिरीत पडल्यासारख्या वाटल्या. दुसऱ्याने त्या टेबलफॅनसमोर तोंड धरून गायल्या. तिसऱ्याचा वेग कमी केला, डुलणं अगदी थोडं ठेवलं, तेव्हा घोळका जमला. मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला तो तीनदा ऐकवला.

आजी ऐकायला आली. पदरावरूनच हेडफोन चढवला आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“ह्या सगल्या मीच हाय,” ती म्हणाली.

“तीच तर कमाल, आजी!”

“मना दम लागला का ह्या पन थांबतान. मंग धवला चालवनार कोन? माजी जाव तवाच तर उचलायची.”

मी उगाच दोन-तीन बटणं फिरवून पाहिली. चारही इफेक्टमध्ये तशी सोय नव्हती. इतकी वर्षं कोरस वापरणाऱ्या मला ही गोष्ट कधी सुचली नव्हती, याची खरंच लाज वाटली. मधल्या मोकळ्या जागा कापून टाकतो म्हटलं, तर त्यालाही ती नको म्हणाली. शेवटी तिचा एकटीचा आवाज, धापेसकट, जसाच्या तसा ठेवला.

हळदीला मला आमंत्रण होतं. डीजेवाल्याच्या मशीनला मीच लॅपटॉप जोडला. दोन ओळी झाल्या, धाप ऐकू आली आणि मांडव गप्प झाला. जागा कापायला हव्या होत्या, असं वाटून मी चपलांकडे बघत राहिलो. तेवढ्यात हळदीची वाटी धरलेल्या एका बाईने, मान वर न करता, ती ओळ उचलली. ‘येत नाय’ म्हणणाऱ्यांपैकीच ती एक होती. पुढच्या धापेला आणखी दोघी आल्या. मग सगळ्याच, एक पुढे पळत होती, एक भलत्याच सुरात, आणि रेकॉर्डिंग मात्र वेळेवर पुढची ओळ सुरू करून त्यांच्यावर चढत होतं.

आजीने खुर्चीतून मला हात केला. “बाला, त्यो माजा आवाज बंद कर. मदी मदी येतं.”

मी बटण दाबलं. त्या लग्नातलं माझं उपयोगी काम तेवढंच. आजी बसल्या जागी हलक्या आवाजात गायला लागली. दम लागला की थांबायची. धवला थांबायचा नाही.