अप्पांनी झेंडा जाळला तेव्हा

आमच्या अप्पांवर पोलिसात तक्रार झाली होती. झेंडा जाळल्याची.

तक्रार खरी होती.

काल सकाळी अप्पा गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून हसलात तरी चालेल.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आमच्याकडं दुष्काळ होता. निलंग्याजवळच्या खेड्यात मी नवीन मास्तरीण. शाळेसमोर अप्पांचं कापडाचं दुकान.

पंधरा ऑगस्टच्या आधी मी शाळेची पेटी उघडली. झेंडा उंदरांनी कुरतडलेला.

सुई-दोरा घेऊन पायरीवर बसले, तर अप्पा दुकानातून ओरडले, "बाई, त्याला ठिगळ लावायलाव का?"

"मग नवा कुठून आणू?"

"मी हाय की!"

दुसऱ्या दिवशी अप्पा पहिल्या एसटीनं नांदेडला गेले. खादीचा नवा झेंडा आणला आणि दुकानदाराकडून नियमांचा कागदही मागून आणला.

झेंडावंदन झकास झालं.

आता जुन्याचं काय? कोणी म्हणालं, नदीत सोडा. नदीत पाणी कुठं होतं!

अप्पांनी कागद वाचून दाखवला. फाटका झेंडा लोकांच्या नजरेआड, मानानं, पूर्ण जाळायचा.

शाळेमागं आम्ही दोघंच. त्या टंचाईतही अप्पा वाट्याच्या पाण्यातले दोन तांबे अंगावर घेऊन आले होते. नीट घडी घातली, हात जोडले, आणि काडी ओढली.

कोणीतरी धूर पाहिला.

दुसऱ्या दिवशी जमादार सायकलवर हजर. "अप्पा, झेंडा जाळलाव म्हणं?"

"जाळला की. बाईचा संबंध न्हाई. मी एकट्यानं जाळला."

माझी नोकरी अजून पर्मनंट नव्हती. तरी तोंडातून निघालंच, "मी पण होते."

अप्पांनी माझ्याकडं रागानं पाहिलं आणि कागद जमादाराच्या हातात दिला.

त्यानं तो दोनदा वाचला. टोपी काढली. इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाला, "अप्पा, चौकीवरचाबी लई विरलाय हो."

अप्पा इतके मोठ्यानं हसले की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं.

तिथून सुरू झालं. दर वर्षी ऑगस्ट लागला की अप्पांची सायकल आसपासच्या गावांत. शाळा, पंचायत, दूध डेअरी. विरलेला झेंडा घ्यायचा, नवा द्यायचा.

एक सरपंच म्हणाले, "अजून एक साल चालंल की."

"तुमचं धोतर फाटलं तर सालभर तसंच नेसताव का?"

सगळी पंचायत हसली. सरपंचांनी स्वतः झेंडा काढून आणून दिला.

मागच्या महिन्यात अप्पांचा फोन आला. नेहमीसारखा "शरणु शरणार्थी" असा नमस्कार करून म्हणाले, "बाई, आता सायकल झेपंना. यंदा तुम्ही जाताव का?"

मी रिटायर होऊन किती वर्षं झाली, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी हो म्हटलं.

तेव्हा अप्पा, सोळा गावांची यादी माझ्याकडं आली आहे. स्कूटीत पेट्रोल भरलंय.

लिंगायत रीतीनं काल तुम्हाला बसवूनच माती दिली. आता तुम्ही निवांत बसा.

शरणु शरणार्थी, अप्पा.